तुकोबारायांची उघडी वही

वारकरी सज्जनहो, वारीच्या वाटेवर मुक्काम पडला, हातपाय धुऊन मंडळी टेकली, की एखादा म्हातारा टाळकरी आमच्याजवळ सरकतो आणि हळूच एक गोष्ट विचारतो. गेली चाळीस वर्षे आम्ही ती ऐकत आलो आहोत. माळ घातली, एकादशी सांभाळली, वारी चुकवली नाही. तरी मन काही ठिकाणावर येत नाही, अंथरुणाला पाठ लागली तरी ते कुणाकुणाशी भांडतच असते, तर चुकते कुठे, असे त्याचे विचारणे असते. आम्ही कीर्तनकार. उत्तर देण्याची जिभेला सवय. पण खरे सांगायचे तर हाच प्रश्न आमचाही आहे.

पाठशाळेत गीतेचा सतरावा अध्याय चालू असताना आमच्या गुरुजींनी एक खूण सांगितली होती. भगवंतांनी मानसिक तपाची पाच लक्षणे सांगितली. त्यांत पहिले मनःप्रसाद, म्हणजे मनाची प्रसन्नता, आणि शेवटचे भावसंशुद्धी, म्हणजे आतला भाव निर्मळ असणे. गुरुजी म्हणायचे की ही माळ शेवटाकडून ओढावी. भाव निर्मळ झाला की प्रसन्नता आपोआप हाती येते. भाव मळका ठेवून प्रसन्नता शोधणारा जन्मभर शोधीतच राहतो. तेव्हा आम्ही ते घोकून पाठ केले. अर्थ मात्र पुष्कळ वर्षांनी उमगला, आणि तो उमगला जगद्गुरू श्रीतुकोबारायांच्या चरित्रात. ते चरित्र आपणां सर्वांच्या ओळखीचे आहे. आज आम्ही ते एकाच बाजूने पाहणार आहोत : या महात्म्याने स्वतःशी कधी लबाडी केली नाही, ती बाजू.

देहू गाव इंद्रायणीच्या काठी. मोऱ्यांचे कुळ, आंबिले हे उपनाव. घराण्यात विठ्ठलभक्ती पिढ्यान्‌पिढ्यांची. मूळपुरुष विश्वंभरबाबांपासून तुकोबा आठवे. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले सावजी, मधले तुकोबा, धाकटे कान्होबा. जन्मशकाविषयी मतभेद आहेत. बहुतेक अभ्यासक शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ हे वर्ष धरतात. घरी गावची महाजनकी, शेतीवाडी, दुकान आणि देवघेव. म्हणजे खाऊनपिऊन सुखी घर, बरे का! पुष्कळांना वाटते की तुकोबा जन्माचेच दरिद्री. तसे नव्हते.

वाण्याच्या घरात दोन वस्तूंना मोठा मान, एक ताजवा आणि दुसरी वही. ताजवा खोटा नसावा आणि वही लपवलेली नसावी. जमा कुठे, नावे कुठे, कुणाकडे किती येणे, आपले किती देणे, हे दिवस मावळण्याआधी लिहून काढायचे. सावजी स्वभावाने विरक्त, त्यांनी प्रपंचाला हात लावला नाही. म्हणून तेराव्या वर्षाच्या सुमारास ही वही तुकोबांच्या हाती आली. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असे. पुढे पुण्याच्या गुळव्यांची कन्या जिजाई दुसरेपणाने घरात आली. तिलाच आपण आवली म्हणतो. चार वर्षे बरी गेली. मग आईवडील गेले. मग थोरली भावजय गेली, आणि सावजी घर सोडून तीर्थाटनाला निघून गेले ते परत आले नाहीत.

त्यावर शके १५५१-५२ चा दुष्काळ कोसळला. इ. स. १६२९ पासून पाऊस फिरला, आणि दख्खन व गुजरात या दोन्ही मुलखांत माणसे अन्नावाचून रस्त्याच्या कडेला मेली. तुकोबांची गुरेढोरे गेली, धंदा बसला, दिवाळे निघाले, गावात पत गेली. रखमाबाई उपासमारीने गेल्या. संतोबा नावाचा लहानगा मुलगा गेला. वय अवघे एकवीस-बावीस.

इथे थांबून एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. पुढे संतमंडळींनी आग्रह केला तेव्हा तुकोबांनी आपली हकीकत स्वतः एका अभंगात सांगितली. ती सांगताना त्यांनी दुःखाला रंग चढविला नाही आणि अपमान झाकला नाही. दिवाळे निघाले, बायको अन्नावाचून मेली, लोकांत तोंड दाखवायला लाज वाटली, हे त्यांनी सरळ सांगून टाकले. तुमचेआमचे कसे असते? धंदा बुडाला तर भागीदार वाईट, पीक गेले तर नशीब खोटे, मूल बिघडले तर शेजारी कारण. नावे टाकायची रक्कम आपण नेहमी दुसऱ्याच्या पानावर लिहितो. तुकोबांनी ती आपल्या पानावर लिहिली.

दुष्काळ सरला. मन उडाले होते, पण काम सोडून ते पळाले नाहीत. वडिलार्जित विठ्ठलमंदिर मोडकळीस आले होते, ते स्वतः राबून दुरुस्त केले. भामचंद्र, भंडारा, घोराडा या डोंगरांवर एकांतात बसू लागले. ज्ञानोबारायांची ज्ञानेश्वरी, नाथमहाराजांचे भागवत, नामदेवरायांचे अभंग यांचे वाचन आणि पाठांतर केले. आपले चित्त अभ्यासात लागत नव्हते, म्हणून आधी संतांची वचने पाठ केली आणि कीर्तनात पुढच्या गाणाऱ्याच्या पाठीमागे उभे राहून नुसते ध्रुवपद धरले, असे ते स्वतः सांगतात. जगद्गुरूंचा आरंभ हा असा, पाठीमागे उभे राहण्याचा!

आता वहीची गोष्ट. बोल्होबांच्या वेळेपासून लोकांकडे येणे होते, त्याची खते घरात होती. महिपतीबुवा आपल्या चरित्रग्रंथात सांगतात की तुकोबांनी ती सारी इंद्रायणीत टाकायचे ठरविले. कान्होबांना हे पटेना. त्यांचेही बरोबरच होते. त्यांना बायकामुलांचे पोट होते. तेव्हा तुकोबांनी खतांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीमातेच्या स्वाधीन केली. दान करायचे तेही भावाच्या हिश्शाला हात न लावता, हा व्यवहाराचा चोखपणा ध्यानात घ्या. परमार्थाच्या नावाखाली दुसऱ्याचे बुडविणारे कमी नाहीत.

लोकांकडची येणी त्या दिवशी संपली. पण वाण्याची सवय गेली नाही. आता दुसरी वही सुरू झाली. तिच्यात ऋणको एकच, स्वतः तुकोबा. आणि धनी पांडुरंग.

माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन त्यांच्या मस्तकावर हात ठेवला आणि रामकृष्णहरि हा मंत्र दिला. दुसऱ्या एका स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्व करण्याची आज्ञा झाली. या गुरुकृपेच्या अभंगात एक लहानशी गोष्ट आहे. गुरूंनी जेवणासाठी पावशेर तूप मागितले होते, ते द्यायला आपण स्वप्नात विसरलो, असे तुकोबा नमूद करतात. दुसरा कुणी असता तर एवढ्या मोठ्या प्रसंगातली ही चूक त्याने गाळून टाकली असती. कोण पाहायला आले होते हो? स्वप्न त्यांचे, साक्षीदार कुणी नाही. पण वही खरी ठेवायची तर पावशेर तुपाचीही नोंद राहते.

असा माणूस अभंग करू लागला तेव्हा काय झाले असेल? गाथा उघडून पाहा. देवाचे वर्णन आहे, नामाचा महिमा आहे, दांभिकांवर कोरडे आहेत. आणि त्यांच्या जोडीला शेकडो अभंग असे आहेत की ज्यांत तुकोबा स्वतःचीच झाडाझडती घेतात. स्वतःतले वाईट दिसते आणि तरी मनाची ओढ आवरत नाही, अशी कबुली आहे. लोक आपल्याला साधू म्हणतात, पण आत तसा अनुभव नाही, ही लाज आहे. देवाची भेट झाली नसताना झाल्यासारखे दाखवायचे, हे त्यांना जमत नव्हते. बाकीच्यांच्या शब्दांवर आपण मोठेपणा मिरवतो आहोत की काय, ही टोचणी त्यांना होती. आणि हे ते कुठे म्हणत? भरल्या कीर्तनात! ज्या लोकांनी पायावर डोके ठेवायचे, त्यांच्यासमोरच.

येथे शंका येईल की स्वतःला असे सतत बोल लावल्याने मन खचणार नाही का? मंडळी, लपविण्याने मन खचते. घरात चोरीचा माल ठेवलेला माणूस दारावर थाप पडली की दचकतो. ज्याच्या घरात काही दडवलेले नाही, तो दार सताड उघडे टाकून झोपतो. तुकोबांनी आतले सगळे देवापुढे आणि जगापुढे मांडून टाकले. मग कुणी निंदा केली तरी त्यांत त्यांना नवे काही नव्हते. शेजारच्या मंबाजी गोसाव्याची कथा आठवा. म्हशीने बागेत शिरून नासधूस केल्याच्या रागाने त्याने तुकोबांना काटेरी फांदीने झोडपले. रात्री कीर्तनाला तो आला नाही, म्हणून तुकोबा त्याच्या घरी गेले, मारून मारून त्याचे हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले, आणि त्याला कीर्तनाला घेऊन आले. ही क्षमा कुठून आली? त्यांनी स्वतःचे दोष इतके जवळून पाहिले होते, की दुसऱ्याच्या दोषाचे त्यांना नवल वाटत नव्हते.

आता मोहाचे प्रसंग. एकांतात असताना एक स्त्री वाईट हेतूने त्यांच्याकडे आली. तुकोबांनी तिला शिव्याशाप दिले नाहीत. परस्त्री आपल्याला रखुमाईच्या ठिकाणी आहे, असे आपले मन ठरलेले आहे, तेव्हा तिने उगीच कष्ट घेऊ नयेत, असे समजावून तिला परत पाठविले. आणि पुढे त्यांनी देवाकडे मागणे केले की असा संगच नको, कारण आपली इंद्रिये आपल्याला ठाऊक आहेत. पाहा, जिंकल्यावरही त्यांनी आपण जितेंद्रिय झालो अशी दवंडी पिटली नाही. मोहाशी हुशारी करू नये, त्याच्यापासून लांब राहावे, हा शहाणपणा ज्याला आपल्या कमकुवतपणाची खरी ओळख आहे त्यालाच सुचतो.

नंतर रामेश्वरभट्टांचे प्रकरण झाले. वाघोलीचे हे शास्त्रसंपन्न ब्राह्मण. शूद्राच्या मुखातून वेदार्थ निघतो हे त्यांना सोसले नाही. आमचे सारे शिक्षण पाठशाळेतले, म्हणून रामेश्वरभट्टांची भूल आम्हांस परकी वाटत नाही. चार व्याकरणसूत्रे पाठ झाली की सत्याची वाट आपल्याच अंगणातून जाते असे आम्हांलाही तरुणपणी वाटले होते. त्यांच्या आज्ञेने अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या. तुकोबा देवाच्या दारी धरणे धरून बसले. अन्न नाही, पाणी नाही, असे तेरा दिवस गेले. मग वह्या कोरड्या वर आल्या. देवाने पाण्यात कागद राखले, असे तुकोबा स्वतःच सांगतात.

आता चमत्कार झाला, बाजी जिंकली. दुसऱ्या कुणी गावभर मिरवणूक काढली असती. तुकोबांनी त्या वेळी अभंग केले ते क्षमेचे. आपण देवाचा अंत पाहिला, लोकांच्या बोलण्याने चिडून त्या माउलीला शिणविले, हा आपलाच मोठा अपराध झाला, असे ते म्हणाले. यशाच्या दिवशीही त्यांनी नावेची बाजू कोरी सोडली नाही. रामेश्वरभट्ट पुढे त्यांचे शिष्य झाले, आणि आपण रोज म्हणतो ती तुकोबारायांची आरती त्यांनीच रचली. ज्याने बुडविले त्यानेच ओवाळले!

आम्हांस कीर्तन करताना नेहमी वाटते की इंद्रायणीत दोनदा कागद गेले. पहिल्यांदा दुसऱ्यांकडच्या येण्याची खते गेली, ती कधीच वर आली नाहीत. दुसऱ्यांदा स्वतःच्या अंतःकरणाची वही गेली, ती मात्र तरली. देवाघरचा न्याय यातून कळतो. दुसऱ्याने आपले काय बुडविले याची वही बुडवावी. आपण काय चुकलो याची वही जपावी. मनाच्या स्वस्थतेचे एवढेच शास्त्र आहे.

कीर्ती वाढली. परंपरा सांगते की तरुण शिवाजीराजांनी दिवट्या, छत्री, घोडा आणि द्रव्य देऊन तुकोबांकडे माणसे पाठविली. घरात काय परिस्थिती होती? जिजाई मुलाबाळांना काय वाढावे या विवंचनेत. त्या बाईला लोक कजाग म्हणतात. आम्ही म्हणत नाही. नवरा डोंगरावर बसला की भाकरी घेऊन भंडारा चढणारी तीच. तिचे बोलणे कडू असेल, पण ते खोटे नव्हते. तुकोबांच्या विरक्तीचे मोल तिने आपल्या चुलीवर भरले, हे विसरणारा कीर्तनकार अर्धेच चरित्र सांगतो. अशा घरात राजाचा नजराणा आला आणि तुकोबांनी तो परत केला. ही थोरवी आपल्या उपयोगाची नाही, ती आपल्याला देवापासून लांब नेईल, असा निरोप दिला. राजांचा अनादर केला नाही. त्यांना विठ्ठलाचे नाव घ्या, एवढेच मागितले.

पण द्रव्यापेक्षा आणि कामापेक्षा बारीक असा तिसरा मोह आहे, तो लोकांनी केलेल्या स्तुतीचा. एकनाथमहाराजांनी चिरंजीवपद नावाच्या प्रकरणात साधकाला याचीच सूचना दिली आहे. द्रव्य परत करणारे पुष्कळ भेटतात. द्रव्य परत केले म्हणून होणारी वाहवा परत करणारा विरळा. तुकोबा ती वाहवाही दारात ठेवून घेत नसत. मान मिळाला की ते देवाकडे तक्रार करीत की याने माझे नुकसान होते.

येथे आमची एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती न सांगता हे चरित्र लिहिले तर तुकोबारायांचा अपराध होईल. काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात आमचे कीर्तन होते. आम्ही नजराणा परत करण्याचाच प्रसंग लावला. शिवाय जिथे कीर्तन करावे तिथे अन्न आणि द्रव्य घेऊ नये, हा तुकोबारायांचा दंडकही सविस्तर सांगितला. रंग भरला. बायाबापड्यांच्या डोळ्यांना पाणी आले. कीर्तन आटोपून आत गेलो, यजमानांनी पाकीट हाती दिले. कोपऱ्यात जाऊन मोजले, ठरल्यापेक्षा पाचशे रुपये कमी होते. आमचा चेहरा उतरला. मान वर केली तो दारात गावचा म्हातारा वीणेकरी उभा. त्याने पाहिले आणि काही न बोलता वीणा खुंटीला अडकवून निघून गेला.

ती रात्र आम्ही तळमळून काढली. आधी यजमानांचा राग आला, मग वीणेकऱ्याचा राग आला, आणि पहाटे काकड्याच्या वेळी कळले की हा सारा राग खोट्या पानावर लिहिलेला आहे. दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन आमच्याकडेच होते. अभंग लावण्यापूर्वी आम्ही उभ्या सभेत सांगितले की काल जो दंडक आम्ही तुम्हांस सांगितला तो आम्ही स्वतः पाळीत नाही. आमचा प्रपंच बिदागीवर चालतो, आणि काल पाचशे रुपये कमी पडले तर आमचे मन कळवळले. हे बोलताना पाय कापत होते. वाटले, आता लोक उठून जातील. कुणी उठले नाही. वीणेकऱ्याने पुढे येऊन आमच्या पायांवर डोके ठेवले, आम्ही त्याच्या पायांवर ठेवले. कित्येक वर्षांनी त्या दिवशी कीर्तनात आम्हांस आमचाच आवाज खरा वाटला.

तेव्हापासून आम्ही बिदागी ठरवीत नाही. कुणी दिले तर घेतो, कमीजास्त मोजीत नाही. घेणेच सोडले असे म्हणण्याची आमची योग्यता नाही, आणि तसे लिहिले तर पुन्हा वही खोटी होईल. पाकीट हाताला हलके लागले की मन अजून एकदा खाली वाकून पाहतेच. पण आता ते पाहिल्याचे आम्हांस कळते, आणि रात्री निजण्यापूर्वी पांडुरंगाला सांगता येते. झोप लागते. म्हाताऱ्या टाळकऱ्याने विचारलेल्या प्रश्नाचे आमच्यापाशी एवढेच उत्तर आहे.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ. स. १६५० मध्ये, तुकोबाराय वैकुंठाला गेले. त्याच तिथीला आपण तुकाराम बीज म्हणतो. नारायणबाबा तेव्हा आईच्या पोटात होते, पुढे इ. स. १६८५ मध्ये त्यांनीच देहूहून पादुका पालखीत घालून पंढरीस नेण्याचा प्रघात पाडला. गंगाजीबुवा मवाळ आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी लिहून ठेवलेल्या वह्यांवरून अभंग हातोहात पसरले. इ. स. १८६९ आणि १८७३ मध्ये मुंबईस सरकारी साहाय्याने गाथा दोन भागांत छापली गेली. आता तर देहूस इंद्रायणीच्या काठी गाथामंदिर उभे आहे, आणि तिथे भिंतींवर अभंग कोरलेले आहेत. ज्या नदीत वही बुडविली तिच्याच तीरावर ती दगडात उमटली.

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून पालखी निघेल. आपण चालू लागाल तेव्हा टाळमृदंग तर असतीलच. त्यांबरोबर मनात ही लहानशी वहीही घेऊन चला. दुसऱ्याकडची येणी घरीच ठेवा. रोज मुक्कामावर हरिपाठ झाला की आपल्या नावाचे पान उघडा, काय चुकले, कशाचा मोह झाला, कुठे खोटे बोललो, हे धन्याला वाचून दाखवा. पंढरीस पोहोचेपर्यंत वही कोरी होणार नाही. पण ती उघडी राहील, आणि विटेवर उभा असलेला तो मायबाप उघड्या वहीवर रागावत नाही.

बोला पुंडलिकवरदा हरि विठ्ठल! रामकृष्णहरि.